विश्लेषण : बॅकअप घेतला, पण हार्ड डिस्क ठेवली कुठे?

३० ऑक्टोबर २०२३ रोजी आरक्षण आंदोलनाला माजलगावात हिंसक वळण लागले आणि जमावाने नगर परिषदेच्या इमारतीलाही आग लावली. त्याच दिवशी बीड शहरात जाळपोळ झाली, संचारबंदी लागू झाली आणि इंटरनेट बंद करण्यात आले. या घटनेच्या राजकीय बाजूवर भरपूर चर्चा झाली. एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. कार्यालय जळते तेव्हा त्याच कार्यालयाच्या कपाटात नोंदींची दुसरी प्रत ठेवलेली असेल, तर तिला दुसरी प्रत म्हणायचे का? बॅकअप घेण्याची सवय आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. घेतलेला बॅकअप सांभाळण्याची सवय अजून लागायची आहे.

बीडसाठी हा विषय महत्त्वाचा का?

जुन्या नोंदीचे मोल काय असते, हे बीड जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीची स्थापना सप्टेंबर २०२३ मध्ये झाली आणि मराठवाड्यातील तहसील व भूमी अभिलेख कार्यालयांत निजामकालीन दप्तरांचा शोध सुरू झाला. रुमालात बांधून फडताळात ठेवलेले मोडी आणि उर्दूतील कागद बाहेर निघाले. एका ओळीच्या नोंदीवर एखाद्या कुटुंबाचे प्रमाणपत्र अवलंबून होते. शंभर वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही, तरी त्यातले बरेच कागद वाचता आले. पाणी, वाळवी आणि आग यांपासून वाचलेला कागद टिकतो.

हार्ड डिस्कचे तसे नाही. दहा वर्षे कपाटात विसरलेली डिस्क सुरू होईलच, याची खात्री कोणी देत नाही. आणि आज बऱ्याच नोंदी डिस्कवरच आहेत. सातबारा, फेरफार यांसारखी माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर असते हे खरे. पण ग्रामपंचायतीने केलेली ऊसतोड कामगारांची यादी, पतसंस्थेचे जुने हिशेब, शाळेच्या निर्गम उताऱ्यांचे स्कॅन, वकिलाच्या कार्यालयातील दाव्यांचे कागद, डॉक्टरकडील रुग्णांच्या नोंदी आणि फोटो स्टुडिओतील लग्नांचे चित्रीकरण हे सगळे बहुतेक ठिकाणी एका संगणकावर आणि फार तर त्याच्या शेजारच्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर असते.

हार्ड डिस्क नेमकी कशाने बिघडते?

हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या असतात. सुरू असताना त्या मिनिटाला साधारण ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. माहिती वाचणारे-लिहिणारे टोक चकतीला न टेकता काही नॅनोमीटर अंतरावरून फिरते. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. म्हणून चालू डिस्कला टेबलावर लागलेला हलका धक्काही महागात पडू शकतो. बंद केल्यावर हे टोक बाजूच्या सुरक्षित जागी जाऊन बसते आणि डिस्क त्यापेक्षा कितीतरी मोठा धक्का सहन करते. याचाच अर्थ, काम संपल्यावर डिस्क काढून ठेवणे ही तिच्या सुरक्षेची पहिली पायरी आहे.

मात्र काढण्याची पद्धत चुकता कामा नये. केबल सरळ ओढली तर अर्धवट लिहिलेली माहिती खराब होते. संगणकावर ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’चा पर्याय द्यावा, दिवा विझल्यावर चकत्या थांबायला दहा-पंधरा सेकंद द्यावेत आणि मगच डिस्क उचलावी.

काढलेल्या डिस्कचे शत्रू म्हणजे उष्णता, दमटपणा, धूळ आणि स्थिर वीज. बीडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीतील माळा किंवा उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड याहून कितीतरी अधिक तापतो. लग्नसराई नेमकी याच दिवसांत असते आणि छायाचित्रकारांच्या डिस्क गाडीतून गावोगाव फिरत असतात. त्या डॅशबोर्डवर न ठेवता बॅगेत, सीटखालच्या सावलीत ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेल्या थंड डिस्कवर बाष्प जमते. ती लगेच न जोडता तासभर तशीच ठेवावी. परळीसारख्या ठिकाणी औष्णिक केंद्राच्या राखेची बारीक धूळ हवेत असते. तिथे डिस्क उघडी ठेवणे टाळलेलेच बरे.

डिस्क संगणकाला जोडूनच ठेवली तर काय बिघडते?

अनेक कार्यालयांत बॅकअपची डिस्क सीपीयूच्या मागे कायम जोडलेली असते. रोज आपोआप बॅकअप होतो, म्हणून सगळे निर्धास्त असतात. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर संगणकात शिरले, तर जोडलेल्या डिस्कवरील फायलीही कुलूपबंद होतात. मूळ आणि प्रत एकाच वेळी जातात. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने हा धोका जगाला दाखवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर असा हल्ला झाला तेव्हा देशातील सर्वात मोठ्या रुग्णालयांपैकी एकाचे काम अनेक दिवस कागदावर चालवावे लागले.

भारनियमन माहीत असलेल्या वाचकाला पुढचे उदाहरण लगेच पटेल. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विषाणूने डेन्मार्कच्या ‘मर्स्क’ या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले. सगळ्या जाळ्याची ओळख सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते. सगळे जोडलेले असल्याने सगळेच पुसले गेले. वाचला तो फक्त घानामधील एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. मर्स्कसाठी जे नशिबाने घडले, ते प्रत्येक कार्यालयाला केबल काढून रोज करता येते.

विजेचे संकट तर मराठवाड्याचे घरचेच. मान्सूनपूर्व वादळात विजा कोसळतात, दाब अचानक वाढतो आणि संगणकासोबत त्याला जोडलेली उपकरणेही जळतात. कपाटात काढून ठेवलेल्या डिस्कला हा धोका नाही.

मग कपाटात ठेवली की काम झाले?

निम्मे झाले. लोखंडी कपाट चोरापासून वाचवते, आगीपासून नाही. इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. अग्निरोधक म्हणून विकली जाणारी तिजोरी बहुधा कागदासाठी बनवलेली असते. आगीत तिच्या आतील तापमान सुमारे १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहावे, एवढीच तिची हमी असते. तेवढ्यात कागद पेट घेत नाही. डिस्कसारख्या साधनांसाठीची मर्यादा मात्र ५२ अंश सेल्सिअस मानली जाते. म्हणजे ज्या तिजोरीतून खरेदीखत सुखरूप निघेल, त्याच तिजोरीतील डिस्क निकामी झालेली असू शकते.

म्हणून खरा उपाय जागा बदलण्याचा आहे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा बळी गेला आणि अनेक विभागांच्या फायली जळाल्या. त्यानंतर कोणत्या फायलीची प्रत कुठे मिळेल, याचा शोध राज्यभर घ्यावा लागला. तंत्रज्ञानात पुढे असलेले देशही याला अपवाद नाहीत. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच’ कंपनीचे डेटा सेंटर जळाले तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचे दोन्ही गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली साठवणारी ८५८ टेराबाइटची यंत्रणा नष्ट झाली. तिची दुसरी प्रत बाहेर कुठेही नव्हती.

पुराचेही तसेच. जुलै १९८९ मधील बिंदुसरेचा पूर बीड शहर विसरलेले नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणेचे पाणी वस्त्यांत आणि बाजारपेठांत शिरले. अशा वेळी तळमजल्यावरील कपाटाचा खालचा कप्पा ही डिस्कसाठी सर्वात वाईट जागा ठरते.

छायाचित्रणाच्या क्षेत्रातून आलेला ‘३-२-१’ नियम यासाठीच आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातील एक दुसऱ्या ठिकाणी. छोट्या कार्यालयाने दोन डिस्क घ्याव्यात. एक कार्यालयात, एक बाहेर. दर आठवड्याला त्यांची अदलाबदल करावी. बाहेरची जागा बँकेचा लॉकर असू शकते, संस्थेची दुसरी शाखा असू शकते किंवा उंचावरच्या भागातील दुसरी इमारत. गेवराईच्या शाखेची डिस्क बीडच्या मुख्य कार्यालयात आणि बीडची गेवराईत, एवढी साधी सोयही पुरते.

कपाटात ठेवताना काय पाळावे?

डिस्क ज्या स्थिर वीजरोधक पिशवीत येते, ती फेकू नये. तिच्यासोबत सिलिका जेलची पुडी टाकून झिप असलेल्या पिशवीत आणि मग फोम असलेल्या कडक डबीत डिस्क ठेवावी. पुडी दर पावसाळ्यापूर्वी बदलावी. डिस्कवर दुसरे सामान रचू नये. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवू नये, कारण तिथली उष्णता आणि आम्लाचा अंश धातूच्या जोडांना बाधक असतो. घरातील लहानसहान चुंबकाने डिस्क पुसली जाते ही भीती अतिशयोक्त आहे, तरी मोठ्या स्पीकरपासून ती दूर ठेवण्यात तोटा नाही. केबल डिस्कसोबतच ठेवावी. ऐनवेळी दुसरीच केबल जोराने खुपसल्याने जोडणीची खाच तुटते, हा नेहमीचा अनुभव आहे.

डबीवर तीन गोष्टी लिहाव्यात : कशाचा बॅकअप, कोणत्या तारखेचा आणि कोणी घेतला. दर तीन महिन्यांनी डिस्क जोडून काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. डिस्क दिसते म्हणजे माहिती वाचता येते, असे नाही. साधारण पाच वर्षांनी माहिती नव्या डिस्कवर उतरवून घ्यावी.

डिस्क बाहेर ठेवायची म्हणजे ती हरवण्याचा धोका आला. म्हणून ती पासवर्डने कुलूपबंद असावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा माहिती सांभाळणाऱ्यावर वाजवी सुरक्षेची जबाबदारी टाकतो. आधार कार्ड आणि पासबुकांचे स्कॅन असलेली उघडी डिस्क बसमध्ये विसरणे ही आता केवळ धांदरटपणाची गोष्ट राहिलेली नाही. पासवर्ड मात्र बंद पाकिटात जबाबदार व्यक्तीकडे असावा. तो एकट्या ऑपरेटरच्या डोक्यात राहिला, तर तो नोकरी सोडून गेल्यावर डिस्क असूनही उपयोग नसतो.

एसएसडी, पेनड्राइव्ह किंवा क्लाउड पुरेसे नाहीत का?

एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे धक्क्याचा धोका कमी. पण तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू झिरपतो. उष्णता वाढली की वेगही वाढतो. वापरून झिजलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा तिच्या प्रमाणित निकषात आहे. बीडच्या उन्हाळ्यात बंद कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी ती योग्य नाही. पेनड्राइव्ह ही तर ने-आण करण्याची वस्तू.

क्लाउड उपयोगाचे आहे आणि दुसऱ्या ठिकाणची प्रत म्हणून चांगलेही. पण ३० ऑक्टोबर २०२३ लाच जिल्ह्याचे इंटरनेट बंद झाले होते. ज्या दिवशी संकट येते, त्याच दिवशी जाळेही तुटू शकते. शिवाय लग्नाचे शेकडो जीबी चित्रीकरण गावातील इंटरनेटवरून चढवणे आजही सोपे नाही. क्लाउड हार्ड डिस्कच्या जोडीला हवे, तिच्या जागी नाही.

जबाबदारी कोणाची?

यातील कोणताही उपाय महाग नाही. दुसरी डिस्क काही हजार रुपयांत येते. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून घेण्यासाठी मोठ्या शहरातील प्रयोगशाळेला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात आणि तरीही माहिती मिळेलच असे नाही. अडचण पैशांची नसून हे काम कोणाच्याच नावावर नसण्याची आहे. रोकड कोणाकडे, किल्ली कोणाकडे, शिक्का कोणाकडे, हे प्रत्येक कार्यालयात ठरलेले असते. बॅकअपची डिस्क मात्र ऑपरेटरच्या खणात, चार्जर आणि जुन्या माऊससोबत पडलेली असते.

जिल्हा परिषद, नगर परिषदा आणि पतसंस्थांनी यासाठी एक वही सुरू करावी. डिस्क कोणती, आज कुठे आहे, शेवटची कधी तपासली आणि कोणी तपासली, एवढे चार रकाने पुरेत. वार्षिक लेखापरीक्षणात जसे कॅशबुक मागितले जाते, तशी ही वहीही मागितली जावी. निजामाच्या काळातील कारकुनाने आपले दप्तर रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवले, कारण ते त्याच्या कामाचाच भाग होते. त्याच्या त्या शिस्तीवर आज कित्येकांचे हक्क उभे आहेत. पुढच्या पिढीला तिचे कागद हवे असतील, तर डिस्कच्या वाट्यालाही तीच शिस्त यायला हवी.