फर्नांडिस म्हणजे कुणाचा मुलगा?



या वेळचं पत्र नागपूरहून आलंय. धंतोलीत राहणारी एक मैत्रीण आहे, सातवीत शिकते. 'माझं नाव छापू नका' असं तिनं लिहून खाली दोनदा रेघ मारली आहे, म्हणून छापत नाही. आडनाव मात्र सांगतो, कारण त्याचं पुढे काम पडणार आहे. ती उमरेडकर आहे.

तिच्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीनंतर एक नवा मुलगा आला. वडील बँकेत, बदली होऊन आलेले. बाईंनी हजेरी घेताना 'फर्नांडिस' असं पुकारलं आणि सगळ्या माना मागे वळल्या. मधल्या सुट्टीत एक जण त्याला म्हणाला, "काय बे, तू इंग्रज आहेस का?" सगळे हसले. मैत्रीण लिहिते, "काका, मी पण हसले. आणि तुला मराठी समजते का, हे मीच त्याला विचारलं." तो म्हणाला, "आमच्या घरी मराठीच बोलतात. माझी आजी वसईला असते, ती लुगडं नेसते." कुणाला पटलं नाही. तेव्हापासून सगळे त्याला 'इंग्रज' म्हणतात आणि तो डबा घेऊन व्हरांड्यात एकटाच बसतो. गंमत म्हणजे शुद्धलेखनाच्या तासाला निम्म्या वर्गानं 'पानी' लिहिलं, तेव्हा या 'इंग्रजा'चा ण अगदी बरोबर होता!

पत्राच्या शेवटी प्रश्न आहे : फर्नांडिस हे आडनाव मराठी आहे का?

आधी इंग्रजांचा हिशेब मिटवून टाकू. त्यांचा या नावाशी काडीचाही संबंध नाही. हे नाव स्पेन आणि पोर्तुगाल या शेजारी देशांतलं. पाचव्या शतकात व्हिसिगॉथ नावाचे लढवय्ये लोक तिकडे शिरले आणि इ. स. ७११ पर्यंत त्यांनी तिथे राज्य केलं. त्यांच्या भाषेतून काही भारदस्त नावं मागे राहिली. त्यांतलंच एक फर्नांडो. त्यातल्या शेवटच्या भागाचा अर्थ 'धाडसी'. पहिल्या भागाचा अर्थ काही पंडित 'प्रवास' लावतात, काही 'शांती'.

आता खरी गंमत ऐका. फर्नांडोचा मुलगा तो फर्नांडेझ. स्पेनमध्ये बापाच्या नावाला 'एझ' जोडला की झालं मुलाचं ओळखीचं नाव. अकराव्या शतकात तिथे 'एल सिद' म्हणून गाजलेला एक योद्धा होता, १०९९ साली वारला. त्याचं खरं नाव रोद्रिगो दिआझ, म्हणजे दिएगोचा मुलगा रोद्रिगो. त्याच्या वडिलांचं नाव दिएगो लाइनेझ, म्हणजे लाइनचा मुलगा. आजोबा लाइन नुन्येझ, म्हणजे नुन्योचा मुलगा. आणि एल सिदचा स्वतःचा मुलगा? दिएगो रोद्रिगेझ! एकाच घरात चार पिढ्या आणि चारही 'आडनावं' वेगळी.

चमत्कारिक वाटलं ना? पण तुमच्या वहीच्या कव्हरवर काय लिहिता, ते बघा. तुमचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. ते मधलं नाव दर पिढीला बदलतंच की! तुमच्या बाबांच्या नावामागे आजोबांचं, आजोबांच्या नावामागे पणजोबांचं. स्पेन-पोर्तुगालकडे पुढे पुढे हे बदलणं थांबलं. कुठल्या तरी एका पिढीत बापाचं नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि नातू-पणतूही तेच लावू लागले. म्हणजे फर्नांडिस हे घट्ट होऊन बसलेलं मधलं नाव आहे, म्हणा ना! गोन्साल्विस, रॉड्रिग्ज, मेंडिस, अल्वारिस ही सगळी त्याच घाण्यातली. आपला टेनिसपटू लिअँडर पेस याचं 'पेस'सुद्धा तसंच, 'पाइयोचा मुलगा'.

स्पेनवाले शेवटी झेड लिहितात, पोर्तुगीज एस. त्यामुळे फुटबॉलपटूंच्या पाठीवरची नावं वाचलीत तर मूळ कुणीकडचं, याचा बराच अंदाज येतो. स्पेनमध्ये आणखी एक झालं. तिथल्या लोकांच्या तोंडी सुरुवातीचा फ पुसट होत होत त्याचा ह झाला, आणि फर्नांडोचा हर्नांडो, फर्नांडेझचा हर्नांडेझ झाला. पुढे तो हही मुका झाला, लिहायचा पण उच्चारायचा नाही. (आपल्या नागपूरकडे ण चा न होतोच की, त्यात काय!) आज फर्नांडेझ हे स्पेनमधल्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या पाच आडनावांत आहे, पहिला नंबर गार्सियाचा. मेक्सिकोत मात्र पहिला आलाय हर्नांडेझ.

सगळीच आडनावं काही बापाच्या नावावरून आलेली नाहीत. 'द' किंवा 'दे' म्हणजे 'चा'. सोझा नदीकाठचा तो डिसोझा, रानातला तो डिसिल्वा, ब्रिटो गावचा तो दिब्रिटो. चला, ब्रिटोकर म्हणू! परेरा म्हणजे नासपतीचं झाड, मशादो म्हणजे कुऱ्हाड, म्हणजे आपले कुऱ्हाडे. फरेराचा संबंध लोखंडाशी, म्हणजे लोखंडे. आणि लोबो म्हणजे चक्क लांडगा. लांडगे आडनावाचा माझा एक मित्र आहे. त्याला हे सांगितलं, तर पुढे आठवडाभर तो स्वतःला 'सेन्योर लोबो' म्हणवून घेत होता.

मग हे नाव वसईच्या आजीकडे कसं आलं? १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षं, तिथे पोर्तुगीज होते. त्या काळात जी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे. गोव्यातही असंच झालं. म्हणून या मुलाचा खापरपणजोबा कुणा फर्नांडोचा मुलगा असण्याचं काही कारण नाही. वसईचे फर्नांडिस आणि गोव्याचे फर्नांडिस यांचं काही नातं असेलच, असंही नाही. १९७४ च्या रेल्वे संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस तर मंगळूरचे.

नाव बदललं, पण माणसं तीच राहिली. शेती तीच, केळीच्या बागा त्याच, बोली तीच. वसईच्या चर्चमध्ये आज प्रार्थना मराठीत होते. तिथल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत लिहिलं. २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते हेच दिब्रिटो. संमेलन भरलं होतं उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला.

आता उमरेडकरबाई, जरा तुमच्याकडे वळतो. उमरेड तुझ्याच जिल्ह्यातलं गाव. पण तू धंतोलीत राहतेस, आणि पत्रात लिहितेस की तू उमरेड अजून पाहिलेलंही नाहीस. मग हे नाव तुला कसं मिळालं? विचार कर, उमरेडमध्ये राहणाऱ्याला कुणी उमरेडकर म्हणेल का? तिथे तर सगळेच उमरेडचे! गाव सोडून दुसरीकडे गेल्याशिवाय कुणी 'कर' होत नाही. तुझे कुणी आजे-पणजे एक दिवस बोचकं घेऊन नव्या गावात आले असतील, आणि तिथल्या लोकांनी विचारलं असेल, "हे कोण नवे?" कुणीतरी सांगितलं असेल, "ते उमरेडकडचे." तुमच्या वर्गात 'वार'नं संपणारीही दोन-चार आडनावं असतील. चंद्रपूरकडे पुष्कळ आहेत, मुनगंटीवार, वडेट्टीवार. तो 'वार' तेलुगूतला. त्यांना कुणी विचारलंय का, तुम्हाला मराठी समजते का म्हणून?

बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. हापूस आंब्याचं नावही त्यांच्या अफोन्सोवरून पडलंय. उद्या तुझ्या डब्यात बटाट्याची भाजी असेल, तर ती मराठी आहे का, असं तू विचारणार नाहीस. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच. हे नाव पोर्तुगीजांच्या जहाजातून आलं आणि चार-साडेचारशे वर्षं मराठी घरात राहिलं.

तर डबा घेऊन व्हरांड्यात जा. वसईकडच्या बोली आपल्यापेक्षा फार वेगळ्या आहेत. त्याची आजी जेवायला बोलावताना काय म्हणते, ते त्याला विचार. उत्तर मिळालं की मला कळव. मलाही ऐकायचंय.

तुमचा,
काका