विश्लेषण : अमेरिकेचे दार बंद झाले म्हणून ‘किंक्स’चे रे डेव्हिस घडले का?

साठच्या दशकात अमेरिका गाजवणाऱ्या ब्रिटिश बँडमध्ये ‘द बीटल्स’, ‘द रोलिंग स्टोन्स’ आणि ‘द हू’ यांच्या बरोबरीने ‘द किंक्स’चे नाव घेतले जाते. मात्र १९६५ ते १९६९ या नेमक्या मोक्याच्या काळात किंक्सना अमेरिकेत कार्यक्रमच करता आले नाहीत. याच चार वर्षांत बँडचे प्रमुख गायक आणि गीतकार रे डेव्हिस यांनी लंडन, मध्यमवर्ग, चहा, पाऊस आणि हरवत चाललेले गाव यांवर गाणी लिहिली. आज त्यांची ओळख आहे ती या गाण्यांमुळे. त्यामुळे ‘बंदी हे वरदान ठरले’ असे सर्रास म्हटले जाते. ते कितपत खरे आहे?

कोण आहेत रे डेव्हिस?

रे डेव्हिस यांचा जन्म २१ जून १९४४ रोजी उत्तर लंडनमध्ये एका कामगारवर्गीय कुटुंबात झाला. आठ भावंडांत ते सातवे. आधीच्या सहाही बहिणी आणि पाठचा भाऊ डेव्ह. घरात पियानो होता, आठवडाअखेरीस त्याभोवती जुनी नाट्यगृहांतील गाणी रंगत. बहिणींमुळे रेकॉर्ड आणि नाचाच्या हॉलची दुनिया घरात आली. तेराव्या वाढदिवसाला थोरली बहीण रेनी हिने रे यांना स्पॅनिश गिटार भेट दिली. हृदयविकार असलेली रेनी त्याच रात्री लंडनच्या लायसियम सभागृहात नाचताना कोसळली आणि गेली. डेव्हिस यांच्या अनेक आनंदी चालींच्या तळाशी जी हुरहूर ऐकू येते, तिचा उगम इथे शोधला जातो. या बहिणीची आठवण त्यांनी १९८२मध्ये ‘कम डान्सिंग’ या गाण्यात मांडली.

पहिले यश कसे मिळाले?

रे, डेव्ह, बास गिटारवादक पीट क्वेफ आणि ड्रमवादक मिक एव्हरी यांच्या बँडची पहिली दोन गाणी चालली नाहीत. तिसरेही पडले असते तर करार संपण्याची चिन्हे होती. अशा वेळी ‘यू रिअली गॉट मी’ची पहिली, संथ आवृत्ती रे यांनी नाकारली आणि गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याचा आग्रह धरला. डेव्ह याने आपल्या छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने कापला होता. त्यातून फाटका, गुरगुरणारा आवाज निघत असे. ऑगस्ट १९६४मध्ये आलेले हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढच्या हार्ड रॉक आणि पंक संगीताची बीजे या आवाजात मानली जातात. गीतकार म्हणून नाव रे यांचे, पण गाणे गाजवणारा आवाज डेव्हचा. श्रेय कोणाचे, हा दोघा भावांतील वाद त्यानंतर कधी पूर्णपणे मिटला नाही.

मुंबईशी संबंध काय?

जानेवारी १९६५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना बँडचा मुक्काम मुंबईत पडला. पहाटे समुद्रकिनारी कामावर निघालेले मच्छीमार एका सुरात गात चालले होते. ते सूर डेव्हिस यांच्या मनात राहिले आणि त्यातून ‘सी माय फ्रेंड्स’ हे गाणे तयार झाले. जुलै १९६५मध्ये आलेल्या या गाण्यात सतार नाही. गिटारचाच एक स्वर तंबोऱ्यासारखा सतत घुमत ठेवला आहे आणि त्यावर स्वर लांबवत गायलेली चाल आहे. बीटल्सचे सतार असलेले ‘नॉर्वेजियन वुड’ त्यानंतर काही महिन्यांनी, डिसेंबर १९६५मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य रॉकमध्ये भारतीय सूर आल्याची कथा बहुधा जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांच्यापासून सांगितली जाते. तिची एक आधीची वाट मुंबईच्या किनाऱ्यावरून, दर्या गाठणाऱ्या कष्टकऱ्यांच्या गाण्यातून जाते. अर्थात त्या गाणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव तबकडीवर नाही.

अमेरिकेचे दार का बंद झाले?

ही बंदी अमेरिकी सरकारची नव्हती. परदेशी वादकांना तेथे कार्यक्रम करायचे तर ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ या वादकांच्या संघटनेची संमती लागत असे. यात अमेरिकेची एकतर्फी अरेरावी होती असेही नाही. ब्रिटनमधील वादक संघटनेने १९३०च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे वीस वर्षे अमेरिकी बँडना असेच रोखून धरले होते. पन्नाशीच्या दशकात दोन्ही संघटनांत देवाणघेवाणीचा समझोता झाला, तेव्हा ही कोंडी फुटली. स्थानिक वादकांची रोजीरोटी वाचवणे हा या व्यवस्थेचा हेतू होता.

किंक्स १९६५च्या उन्हाळ्यात अमेरिकेला गेले, तेव्हा बँडमध्येच धुसफुस होती. मे महिन्यात कार्डिफ येथे भर कार्यक्रमात एव्हरीने ड्रमच्या संचातील झांज डेव्हच्या डोक्यात घातली होती आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले होते. अमेरिकेत मानधनावरून आयोजकांशी खटके उडाले. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका मोठ्या कार्यक्रमात बँड मंचावर गेलाच नाही. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या वेळी वाद हातघाईवर आला, हे रे यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहिले आहे. त्यानंतर संघटनेने बँडला पुढचे परवाने नाकारले. कारणांचा खुलासा केला नाही.

बंदीची किंमत किती मोठी होती?

तबकडी अमेरिकेत जाऊ शकत होती, माणसे नाही. म्हणून सुरुवातीला नुकसान लगेच दिसले नाही. ‘अ वेल रिस्पेक्टेड मॅन’ आणि ‘सनी आफ्टरनून’ ही गाणी बंदीच्या काळातही अमेरिकेच्या पहिल्या वीसांत पोहोचली. पण दौरे नाहीत, दूरचित्रवाणीवर दर्शन नाही, त्यामुळे हळूहळू विस्मरण सुरू झाले. १९६७मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेले ‘वॉटर्लू सनसेट’ अमेरिकेच्या यादीत आलेच नाही. त्याच वर्षीच्या मॉन्टेरी महोत्सवाने आणि १९६९च्या वुडस्टॉकने ‘द हू’ला अमेरिकेत घराघरांत पोहोचवले. किंक्स या दोन्ही ठिकाणी नव्हते. रॉक संगीत नाचाच्या हॉलमधून भव्य मैदानांत जात असताना एक मोठा बँड मायदेशी अडकून पडला होता.

या काळातील गाणी वेगळी कशी?

तेव्हाचे बहुतेक इंग्रज गायक अमेरिकी उच्चारांत, अमेरिकी ब्लूजच्या वळणाने गात. डेव्हिस यांनी आपला लंडनी उच्चार ठेवला आणि जुन्या इंग्रजी नाट्यगृहांतील विनोदी गाण्यांचा धागा पुन्हा हातात घेतला. ‘सनी आफ्टरनून’मध्ये करांनी कफल्लक झालेला एक श्रीमंत गृहस्थ कुरकुरतो. ऐकणाऱ्याला त्याचे हसू येते आणि थोडी दयाही येते. ‘डेड एंड स्ट्रीट’मध्ये भाड्याच्या खोलीतील गारठा आहे. ‘वॉटर्लू सनसेट’मध्ये खिडकीतून थेम्स नदी आणि स्थानकावरची गर्दी पाहणारा एक एकटा माणूस आहे. लहानपणी सेंट टॉमस रुग्णालयात असताना डेव्हिस यांनी हीच नदी पाहिली होती. बंडखोरी आणि क्रांतीच्या घोषणांच्या काळात त्यांनी सामान्य माणसाच्या दिवसाची दखल घेतली.

२२ नोव्हेंबर १९६८ रोजी आलेला ‘द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी’ हा अल्बम म्हणजे या वळणाचा कळस. जुनी दुकाने, वाफेचे इंजिन, छायाचित्रांचे अल्बम, गावातले मैदान यांविषयीची ही गाणी केवळ स्मरणरंजन नाहीत. जपून ठेवण्याच्या हट्टाची थट्टाही त्यांत आहे. त्याच दिवशी बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ बाजारात आला आणि किंक्सचा अल्बम कुठल्याही यादीत न येता विरला. ब्रिटनमध्ये त्याला एक लाख प्रतींच्या विक्रीचे ‘गोल्ड’ प्रमाणपत्र मिळायला २०१८ उजाडले, म्हणजे तब्बल ५० वर्षे.

मग बंदीनेच त्यांना घडवले का?

काही अंशी. अमेरिकी श्रोता समोर नसल्याने त्याला खूश करण्याचे दडपण कमी झाले, हे मान्य करता येते. परंतु घटनाक्रम तपासला तर ही मांडणी अपुरी ठरते. ‘सी माय फ्रेंड्स’ बंदीपूर्वीच ध्वनिमुद्रित झाले होते, म्हणजे वेगळी वाट शोधणे आधीच सुरू होते. मार्च १९६६मध्ये अतिश्रमाने डेव्हिस मानसिकदृष्ट्या कोलमडले आणि दौऱ्यांपासून दूर राहिले. सक्तीच्या विश्रांतीनंतरच ‘सनी आफ्टरनून’ आले. एक बहीण ऑस्ट्रेलियाला स्थलांतरित झाली, त्या ताटातुटीतून १९६९चा ‘आर्थर’ हा अल्बम निघाला. अल्बमचे नाव तिच्या नवऱ्याचे आहे. या गाण्यांचा कच्चा माल घरातला होता. बंदीने फार तर त्यासाठी वेळ दिला.

शिवाय वरदानाचा हा हिशेब आज, यश मिळाल्यानंतर मांडला जातो. त्या वेळी बँडपुढे अस्तित्वाचा प्रश्न होता. १९६९मध्ये क्वेफ कायमचा बाहेर पडला. बंद दारांमागे गप्प झालेले कलावंत बरेच असतात. त्यांच्यावर विश्लेषणे लिहिली जात नाहीत, म्हणून बंदी लाभदायक वाटते.

पैशांचा वाद काय होता?

डेव्हिस यांची दुसरी लढाई कराराच्या कागदांशी होती. कोवळ्या वयात सही केलेल्या करारांमुळे व्यवस्थापक आणि प्रकाशक यांचे वाटे वाढत गेले. त्यांच्या आपसातील खटल्यात गीतकाराच्या हक्काचे पैसे काही वर्षे अडकून राहिले. आघाडीची गाणी देणारा माणूस स्वतःच्या कमाईसाठी न्यायालयाकडे डोळे लावून बसला. १९७०च्या ‘लोला व्हर्सेस पॉवरमॅन’ या अल्बममध्ये त्यांनी या बाजाराचीच खिल्ली उडवली. १९७३मध्ये उत्तर लंडनमध्ये ‘काँक’ हा स्वतःचा स्टुडिओ उभारण्यामागे हाच धडा होता.

अमेरिकेत परतल्यावर काय झाले?

१९६९च्या शरद ऋतूत परवाने पुन्हा मिळाले. १९७०मध्ये ‘लोला’ दोन्ही देशांत पहिल्या दहांत गेले. एका तरुणाची लोलाशी झालेली भेट आणि ती नेमकी स्त्री की पुरुष हा त्याचा गोंधळ, असा विषय तेव्हाच्या रेडिओवर धाडसाचा होता. मात्र बीबीसीने हरकत घेतली ती गाण्यातील एका शीतपेयाच्या नाममुद्रेला! तो एक शब्द बदलण्यासाठी डेव्हिस अमेरिकेतून विमानाने लंडनला आले. पुढे व्हॅन हेलन, द जॅम, प्रिटेंडर्स यांनी किंक्सची गाणी नव्या पिढीकडे नेली. ‘लो बजेट’ (१९७९) आणि ‘कम डान्सिंग’ यांनी अमेरिकेत बँडला उशिरा का होईना, मोठी मैदाने मिळवून दिली. १९९०मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला आणि १९९६मध्ये बँड थांबला. नव्वदीच्या दशकातील ‘ब्लर’सारख्या बँडनी डेव्हिस यांना गुरुस्थानी मानले. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या समारोपात त्यांनी ‘वॉटर्लू सनसेट’ गायले आणि २०१७मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब जाहीर झाला.

आज हा विषय महत्त्वाचा का?

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१पासून ब्रिटिश वादकांचा युरोपातील मुक्त संचार संपला. मुक्कामाच्या दिवसांची मर्यादा, देशागणिक बदलणारे परवान्यांचे नियम आणि वाद्यांची कागदपत्रे यांचा खर्च मोठे कलाकार पेलतात. व्हॅनमधून गावोगाव फिरणाऱ्या नवख्या बँडचे गणित मात्र तिथेच कोलमडते. किंक्सकडे १९६५मध्ये निदान तीन-चार गाजलेली गाणी होती, म्हणून ते तग धरू शकले. आजच्या नवख्यांकडे तेही नसते. डेव्हिस यांच्या गाण्यांना इंग्लंडच्या मातीचा वास आहे हे खरे, पण त्यातला एक सूर मुंबईच्या मुक्कामात सापडला, हेही तितकेच खरे. दार बंद असताना चांगले गाणे होऊ शकते, हे किंक्सनी सिद्ध केले. म्हणून दारे बंद ठेवावीत, असा त्याचा अर्थ होत नाही.