बंदूक त्यांची, जोखीम तिचीही

आपल्या वाशिम जिल्ह्यात रोही, रानडुकरं उभी तूर तुडवतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळायची सोय आहे. परवाना घरधन्याच्या नावावर; बंदूक मात्र बाईच्या कपाटात, साड्यांच्या मागे! आणि त्या कागदावर काय लिहिलंय, हे तिलाच ठाऊक नसतं.

मैत्रिणींनो, परवाना घराला नसतो, माणसाला असतो. पोलिसांच्या अहवालानंतर जिल्हाधिकारी तो देतात. २०१९ च्या दुरुस्तीनं मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. मुदत संपली, नूतनीकरण राहिलं, की ते हत्यार घरात ठेवणं बेकायदा. धनी वारले तरी तेच. वारसांनी लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करून पावती घ्यायची. ‘त्यांची आठवण’ म्हणून ठेवलं, तर गुन्हा घरच्यांवर येऊ शकतो. मुलाला किंवा मुलीला हवं असेल, तर स्वतःचा परवाना काढावा; वय २१ पूर्ण हवं.

नूतनीकरणालाही पोलीस चौकशीची तरतूद आहे. माझं म्हणणं असं, की तेव्हा घरातल्या बाईला बाजूला बसवून विचारा : धनी दारू पितात का? भांडणात बंदुकीचा धाक दाखवतात का? गुन्ह्यांच्या नोंदीत जे येत नाही, ते तिला माहीत असतं.

आणि आपण? आज तो परवाना बाहेर काढा, मुदतीची तारीख वाचा. कपाटाची किल्ली कुणाकुणाच्या हाती लागते, तेही बघा.