जॅनिंगसाहेबांना माफी नाही

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अर्न्स्ट जॅनिंगसाठी माझ्या डोळ्यांतून टिपूससुद्धा येणार नाही.

‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ हा १९६१ सालचा पिक्चर. स्टॅन्ली क्रेमरनं काढलेला, ॲबी माननं लिहिलेला, तीन तासांचा. युद्ध संपलंय, हिटलर मेलाय, आणि त्याच्या राज्यात न्याय वाटणारे चार जज आता आरोपी म्हणून बसलेत. आपली पोरं पिक्चर बघतात आणि चहाच्या टपरीवर येऊन म्हणतात, काय माणूस आहे यार तो जॅनिंग! केवढा विद्वान! कसा उभा राहून गुन्हा कबूल करतो! बर्ट लँकेस्टर दगडासारखा गप्प बसतो आणि मग एकदम बोलतो, म्हणून भुरळ पडते. च्यायला, नट चांगला म्हणून आरोपी सुटला काय?

तो कबूल काय करतो ते नीट ऐका. फेल्डेन्स्टाइन नावाच्या म्हाताऱ्या ज्यूचा खटला त्याच्यापुढं आला, तेव्हा कोर्टाची पायरी चढण्याआधीच निकाल त्याच्या डोक्यात तयार होता. पुरावा कसाही असता तरी म्हातारा मरणारच होता. बाकीच्या तिघांची तो सालटी काढतो आणि सांगतो, मी यांच्याहून वाईट, कारण मला सगळं कळत होतं. खरं बोलला. पण कधी बोलला? म्हातारा मेल्यावर, जर्मनी हरल्यावर, बुडाखालची खुर्ची गेल्यावर. त्याचा गुरू डॉक्टर विक साक्षीला येतो. त्यानं झग्यावर स्वस्तिक लावण्यापेक्षा १९३५ साली राजीनामा दिला. हा विक काही संत नाही, १९३४ साली निष्ठेची शपथ त्यानंही घेतली होती, वकील रोल्फ ती त्याच्या तोंडावर फेकतो. पण खुर्ची सोडता येत होती आणि सोडूनही माणूस जिवंत राहत होता, एवढं तर त्या म्हाताऱ्यानं दाखवून दिलं!

शेवटी तुरुंगात जॅनिंग अमेरिकन जज हेवूडला बोलावून म्हणतो, गोष्टी लाखो मुडद्यांपर्यंत जातील असं मला ठाऊक नव्हतं. हेवूड त्याला तिथंच गप करतो. निर्दोष आहे हे माहीत असून पहिला माणूस मरणाला धाडलास, त्याच दिवशी गोष्टी तिथं पोचल्या होत्या.

हे ‘ठाऊक नव्हतं’ पिक्चरभर ऐकू येतं. हेवूड राहतो त्या बंगल्यातलं नोकर जोडपंही तेच म्हणतं. आम्ही लहान माणसं साहेब, आम्हांला राजकारणातलं काय कळणार? आणि वर, हिटलरनं रस्ते बांधले, लोकांना काम दिलं. मी गोदीत माल उचलतो. सांगतो तुम्हांला, पेटीत काय आहे ते साहेबाच्या कागदाआधी हमालाला कळतं. वासावरून कळतं, वजनावरून कळतं, गंधकाची गोणी असली तर डोळेच सांगतात. त्या गाड्या कुणीतरी भरल्या, रुळ कुणीतरी बदलले. फेल्डेन्स्टाइनविरुद्ध साक्ष देणारी बाई फरशी पुसणारीच होती. तेव्हा कष्टकरी म्हणून आपल्याला आपोआप सूट आहे असं कुणी समजू नये. पण हमालाला कळतं ते वासावरून. जॅनिंगला सगळा कागद वाचता येत होता. त्याच्याच सहीनं माल हलत होता.

आता रोल्फ. मॅक्सिमिलियन शेलला या भूमिकेचं ऑस्कर मिळालं आणि ते वाजवी मिळालं. रोल्फ म्हणतो, एकटा जॅनिंग गुन्हेगार कसा? १९३३ साली व्हॅटिकननं हिटलरशी करार केला, १९३९ साली रशियानं केला. अमेरिकन कारखानदारांनी पैसा कमावला. माणसांची नसबंदी करायचा कायदा तर अमेरिकेतही होता आणि १९२७ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टात जस्टिस होम्सनं तो उचलून धरला. सगळं खरं, एक अक्षर खोटं नाही. मग होम्सलाही आणून बसवा जॅनिंगशेजारी! बाक लांब करा! रोल्फला बाक लांब करायचा नाही, रिकामा करायचाय. सगळेच दोषी म्हणजे कुणीच नाही, हा त्याचा हिशेब. कायदा जज बनवत नाही, जज फक्त राबवतो, हे त्याचं दुसरं हत्यार. पांढरपेशांना हे फार पटतं.

तर त्या खऱ्या खटल्यात काय झालं ते बघा. फेल्डेन्स्टाइन ज्याच्यावरून रचला तो लिओ कॅट्झेनबर्गर, न्यूरेंबर्गचा जोड्यांचा व्यापारी, वय अडुसष्ट. त्याची भाडेकरू आयरीन झायलर ही तरुण जर्मन बाई. १९३५ सालचा कायदा होता की ज्यू आणि जर्मन यांनी लग्न करायचं नाही, शरीरसंबंध ठेवायचा नाही. रक्त बाटतं म्हणे! हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. दोघंही म्हणत होते, आमच्यात तसलं काही नाही. पण मुद्दा पुढंच आहे. त्या कायद्यात शिक्षा होती कैदेची. मरणाची नव्हतीच. जज ओस्वाल्ड रोथॉगनं काय करावं? युद्धात दिवे बंद असताना अंधाराचा फायदा घेऊन गुन्हा करणाऱ्यांसाठी एक वेगळा हुकूम होता, तो त्यानं याला जोडला. म्हातारा अंधारात तिच्याकडं जायचा, म्हणून देहदंड. १९४२ च्या जूनमध्ये गिलोटिननं त्याची मान तोडली. बाईला खोटी साक्ष दिली म्हणून दोन वर्षं. कुठं गेलं रोल्फसाहेब तुमचं ‘फक्त राबवतो’? कायदा मारायला पुरत नव्हता, तर जजनं तो वाढवून घेतला!

हा तपशील पिक्चरमध्ये यायला हवा होता. तिथला जॅनिंग थोर माणूस, चुकून चिखलात उतरलेला. आणि फेल्डेन्स्टाइन? तो कुठंच दिसत नाही. नसबंदी केलेला पीटरसन दिसतो. बेकरीतला मजूर, बाप कम्युनिस्ट, माझी आई खुळी होती का विचारत तिचा फोटो कोर्टाला दाखवतो. पोटात कालवतं. आयरीन दिसते, रडते. पण ज्यूंच्या कत्तलीवरच्या या पिक्चरमध्ये ज्यू माणूस साक्षीला येऊन बोलत नाही. तो येतो फक्त छावणीच्या खऱ्या फिल्ममध्ये, बुलडोझरपुढं मढं होऊन. हीच गोष्ट माननं १९५९ साली टीव्हीसाठी लिहिली होती, तेव्हा जाहिरातदार गॅसवाले होते, म्हणून गॅस चेंबरचा उल्लेख आला की आवाज कापला. यांना मेलेल्यांबद्दल कळवळा, पण आवाजाची भीती.

हेवूडचं मात्र मानतो. १९४८ साली रशियानं बर्लिनची नाकेबंदी केलीय, जर्मन लोक हवेत, जरा सौम्य घ्या असं वरून सांगणं चाललंय, आणि हा म्हातारा चौघांनाही जन्मठेप देतो. मग पडद्यावर अक्षरं येतात की अमेरिकन विभागातल्या खटल्यांत ९९ जणांना कैद झाली होती, त्यांतला एकही आता तुरुंगात नाही.

खऱ्या रोथॉगलाही १९४७ साली जन्मठेप झाली. पुढं तिची वीस वर्षं केली. १९५६ च्या डिसेंबरात तो सुटला.