बी.ए.ची फी लाखांत घेता? मग पगाराचा आकडाही छापा!

सामाजिक शास्त्रांची पदवी वाया जाते असं मी म्हणत नाही. पण गरिबाच्या पोराला दहा लाखांचं कर्ज काढून ती घ्यायला लावणं हा सरळ सरळ अन्याय आहे, आणि दरवर्षी बारावीचा निकाल लागला की पुण्यात तो नव्याने सुरू होतो.

मी तालुक्याच्या गावी बातमीदारी करतो. पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस, अर्थतज्ज्ञ नाही. पण व्याज मोजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. चला, मोजू.

पुण्यातल्या किंवा पुण्याच्या आसपासच्या एखाद्या खासगी विद्यापीठात बी.ए.साठी तीन वर्षांत १० लाख कर्ज घेतलं असं धरा. दरवर्षी सारखी रक्कम, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो. पोरांना वाटतं, सवलत आहे. अहो, हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही! सरळ व्याज धरलं तरी हप्ता सुरू होईपर्यंत १० लाखांचे १३ लाख होतात. ते १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १७,२०० रुपये. १५ वर्षांत फेडायचे तर १४ हजारांच्या आसपास, म्हणजे एकूण २५ लाख.

आता पगार. एखादी संस्था, संशोधन प्रकल्पावरचं सर्वेक्षणाचं काम, नाहीतर आमचाच धंदा. नव्या बी.ए.वाल्याला २५ हजार मिळाले तर आमच्याकडे पेढे वाटतात. त्यातून १७ हजार बँकेला गेले. उरलेल्या आठ हजारांत पुण्यात खोली, मेस, बस आणि घरी पाठवायचे पैसे बसवून दाखवा. मी तुमचा जाहीर सत्कार करतो.

माहितीपत्रकात मात्र 'सर्वोच्च पॅकेज' ठळक अक्षरात. अरे, वर्गातल्या एकाचं पॅकेज सांगून साठ जणांकडून फी घेता? मधल्या पोराला काय मिळालं ते सांगा की! आणि त्यातली किती पोरं बी.ए.च्या जोरावर लागली आणि किती नंतर एम.बी.ए. करून, तेही सांगा.

लगेच कुणीतरी म्हणेल, "मग इंजिनिअरिंगला घाला." नाही! हाच विषय, हीच पदवी पुण्यातल्या अनुदानित महाविद्यालयात काही हजारांत होते. फर्ग्युसन आहे, स. प. आहे. म्हणजे दोष अर्थशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा नाही, दोष विक्रीच्या किमतीचा आहे. पण त्या स्वस्त वर्गात शिकवायला कोण आहे? राज्यभर प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी आणि तासिका तत्त्वावर नेट-सेट झालेली माणसं राबतायत. स्वस्त दुकान ओस पाडायचं आणि मग म्हणायचं, गिऱ्हाईक स्वतःहून महागड्या दुकानात गेलं!

सरकारची तऱ्हा तर बघा. शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं अशी केंद्राची योजना आहे, कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर. पण ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी मंजूर झाली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. चांगली गोष्ट. पण वर्षाला एक लाखच विद्यार्थी, आणि प्राधान्य सरकारी संस्थांना व पुन्हा तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांना. राज्याने जुलै २०२४ मध्ये मुलींची फी माफ केली, तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांची. म्हणजे ज्या पदवीनंतर पगार सगळ्यात कमी, त्या पदवीच्या कर्जाला आधारही सगळ्यात कमी. हे कुठलं गणित?

आणि या विषयांचा देशाला उपयोग काय, हे पुण्याने तरी विचारू नये. १९३० मध्ये याच शहरात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळांनी तिथे बसून पुण्याची घरोघर पाहणी केली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो दिल्लीला विचारात घ्यावा लागला. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला अर्थशास्त्र शिकायला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. त्या शिक्षणाचा परतावा आज कोणी महिन्याच्या पगारात मोजून दाखवावा!

फायदा सगळ्या समाजाला होणार असेल तर खर्च एकट्या पोराच्या माथी का? उद्या दुष्काळाची पाहणी कोण करणार? ज्याच्या बापाला फी परवडते तोच? मग त्या पाहणीत आपलं गाव कसं दिसेल, याचा विचार करा.

म्हणून माझ्या तीन मागण्या.

१. प्रत्येक खासगी विद्यापीठाने विषयवार मधला पगार आणि नोकरी न लागलेल्यांची संख्या फीच्या आकड्याशेजारीच छापावी.
२. व्याजमाफीच्या योजनेत सामाजिक शास्त्रं घ्यावीत.
३. अनुदानित महाविद्यालयातल्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. तासिकेवर नको.

आणि पालकांनो, हे होईपर्यंत एक करा. सही करण्याआधी बँकेच्या साहेबाला एवढंच विचारा, "शिक्षण संपल्यावर हप्ता किती आणि किती वर्षं?" तो आकडा कागदावर लिहून घ्या. मग कॉलेजवाल्यांना त्याच कागदावर मधला पगार लिहायला सांगा. लिहिला नाही, तर उठून या. पोरगं हुशार असेल तर अनुदानित महाविद्यालयातही हुशारच राहतं.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर शिव्या नकोत, आकडे घेऊन या.