कोळ्याचा पुरसा

2018 साली ऑस्ट्रेलियातून एका मृत्यूची बातमी आली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती छापली. गेलेली होती एक कोळीण, वय 43 वर्षं. तिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, सोळा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या पट्ट्यात बार्बरा यॉर्क मेन या संशोधक बाईंनी 1974 मध्ये तिच्या बिळापाशी खूण करून ठेवली होती. या जातीची मादी एकदा बीळ केलं की जन्मभर तिथंच राहते, म्हणून इतकी वर्षं तीच ती कोळीण पाहता आली. 2016 मध्ये बिळाचं झाकण भोक पडलेलं सापडलं. परजीवी गांधीलमाशीनं तिचा घास घेतला होता.

ही बातमी आम्ही तेव्हा नववीच्या वर्गात वाचून दाखवली. अर्धा वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, मग त्या बाईंना हे कोणी सांगितलं असेल?” त्यानंतर कोणी हसलं नाही.

ती मुलगी यंदा पुन्हा आठवली. आमची मावसबहीण इंग्लंडात असते. तिचा फोन आला, “भाई, पोराचं काय करू? मकडी मेली म्हणून चार दिवस धड जेवला नाही.” मकडी म्हणजे टॅरँटुला, तळहाताएवढा केसाळ कोळी. तिकडे हे प्राणी दुकानात रीतसर मिळतात आणि लोक काचेच्या पेटीत पाळतात. पोरगा दहा वर्षांचा असताना चिपळूणहून तिकडे गेला. भाषा अडखळत होती, दोस्त नव्हता. दुसऱ्या वर्षी बापानं वाढदिवसाला हा प्राणी आणून दिला. आता पोरगा वीस वर्षांचा आहे आणि तोच बाप म्हणतो, “एवढा घोडा झालास, किड्यासाठी रडतोस?” पोरानं खोलीचं दार लावून घेतलं. बाप-लेकात बोलणं बंद.

बापाचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. मांजर पायात घोटाळतं, पोपट नावानं हाक मारतो. बकरी ईदसाठी वाढवलेला बोकड गेला की पोरं दोन दिवस तोंड फिरवून बसतात, आणि ते आपल्या घरांत सगळ्यांना समजतं. टॅरँटुला यातलं काहीच करत नाही. तो मालकाला ओळखतो असं म्हणायला आधार नाही. हातात घेतलेलं त्याला आवडतही नाही. मग इतकी वर्षं त्या पोरानं केलं काय? बघितलं. झुरळं नि नाकतोडे घातले, पाण्याची ताटली भरली आणि बघत बसला. बहीण सांगते, वर्षातून एखाद्या वेळी ती उताणी पडायची. पहिल्यांदा सगळं घर हबकलं, पण तो मृत्यू नसतो. टॅरँटुला उताणा होऊन कात टाकतो. पोरगा रात्रभर जागून ते पाहायचा. त्या सगळ्या काती त्यानं डबीत जपल्यात, लहानापासून मोठ्यापर्यंत.

खरा मृत्यू वेगळा दिसतो. कोळ्याचे पाय अंगातल्या द्रवाच्या दाबानं सरळ होतात. तो दाब गेला की आठही पाय पोटाखाली आवळून येतात, मूठ मिटावी तसे. पोरानं सकाळी ते पाहिलं आणि त्याला समजलं. मादी वीस वर्षंही जगते, म्हणून ती अजून बरीच वर्षं असेल असा त्याचा हिशेब होता.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं 1989 मध्ये अशा दुःखांवर पुस्तक काढलं, समाज ज्यांना दुःख मानतच नाही अशा. रडणाऱ्यावर तिथं दुहेरी भार पडतो. एक गेल्याचा, दुसरा लपवण्याचा. पण आपल्याला त्यासाठी 1989 पर्यंत थांबायची गरज नव्हती.

हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर. त्याच्याजवळ एक छोटा पक्षी होता, नुगैर. तो मेला. प्रेषित मुहम्मद (स.) त्या घरी आले आणि त्यांनी त्या मुलाला त्याच्या पक्ष्याची विचारपूस केली, तीही उमैर आणि नुगैर यांचं यमक जुळवून. लेकराला ‘अबू’ लावून मोठ्या माणसासारखी हाक, आणि विषय चिमणीएवढा पक्षी. आम्हांला त्यातली विचारपूस सगळ्यात मोलाची वाटते. मुलाला शांत बसवलं नाही, दुसरा पक्षी आणून देतो असंही नाही. इब्नुल कास या शाफई फकीहांनी या एका हदीसमधून साठ मुद्दे काढून स्वतंत्र रिसाला लिहिला. आमच्या कोकणातल्या शाफई घरांनी तरी हे लक्षात ठेवावं. (गारे सौरच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणल्याचा किस्सा आपण पोरांना कौतुकानं सांगतो आणि त्याच संध्याकाळी केरसुणी घेऊन भिंतीवरच्या कोळ्यामागे धावतो, हेही खरंच.)

आम्ही बहिणीला सांगितलं, त्याला समजावू नकोस, काहीतरी विचार. ती म्हणाली, “मकडीबद्दल काय विचारू, मला शिसारी येते.” आम्ही म्हटलं, शिसारी येते तेच सांग आणि मग विचार. तिनं दाराबाहेर उभं राहून विचारलं, शेवटची कात कधी टाकली होती. आतून बराच वेळ काही आवाज नाही. मग दार उघडलं आणि डबी बाहेर आली. पोरानं जेवणाच्या टेबलावर सगळ्या काती ओळीनं मांडल्या. सगळ्यात छोटी आईच्या नखाएवढी होती. प्रत्येक वेळची तारीख, घरात तेव्हा काय चाललं होतं, नाना वारले ते कुठल्या कातीच्या आसपास, सगळं त्याला तोंडपाठ.

कोळीण अंगणात गुलाबाखाली पुरली. खड्डा बापानं खणला. जमीन थंडीनं कडक झाली होती, असं बहिणीनं कळवलं, आणि फावडं शेजाऱ्यांकडून आणावं लागलं.