घराची राखण आणि घराबाहेरची वाट

मृग नक्षत्र तोंडावर आले की कोकणातल्या घरांतून 'आगोटी'ची लगबग सुरू होते. कौले चाळली जातात, सरपण पडवीत रचले जाते, मिरची-मसाले कुटून बरण्यांत भरले जातात, कडधान्ये, कोकम, सुकी मासळी यांची साठवण होते. गोव्यात याच बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. पावसाळ्याचे चार महिने गाव जगापासून तुटणार हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते त्यांनी घडवलेला हा शहाणपणा आहे. तेव्हा आपत्तीची पूर्वतयारी ही परदेशातून आलेली कल्पना आहे आणि आपल्या लोकांना ती शिकवावी लागेल, हा सरकारी पत्रकांतून डोकावणारा सूर आम्हाला मान्य नाही. आपल्या आज्या-पणज्या ती तयारी पत्रकांवाचून करीतच होत्या.

परंतु या बेगमीत एक गृहीत धरलेले असते. बाहेर काहीही होवो, घर जागच्या जागी उभे राहील आणि आपण त्यात सुखरूप राहू. गेल्या काही दशकांत या राज्यावर जे प्रसंग कोसळले त्यांतील बहुतेकांनी नेमके हेच गृहीत खोटे पाडले. पुराने, आगीने, दरडीने माणसास घर सोडावयास लावले आणि त्या घटकेला घर सोडण्याची तयारी कोणाचीच नव्हती. आपली घरे चोरासाठी सज्ज आहेत. पाणी आणि आग यांच्यासाठी ती सज्ज नाहीत. एवढेच नव्हे, तर चोरासाठी केलेली तयारीच अनेकदा इतर संकटांत अंगावर उलटते.

कृष्णाकाठचे उदाहरण घ्यावे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी, हे आकडे तेथील शाळकरी पोरासही पाठ असतात. २००५ साली मोठा पूर येऊन गेला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा धोका पातळीच्या कितीतरी वर चढले. म्हणजे पाण्याची ओळख नव्हती असे नाही. पातळी मोजली जात होती, सूचना दिल्या जात होत्या. तरीही हजारो कुटुंबे पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हलली नाहीत. बायकामुलांना नातलगांकडे धाडून घरचा एक कर्ता पुरुष, नाहीतर म्हातारी, मागे राहिली. कशासाठी? गोठ्यातली जनावरे, कणगीतले धान्य, कपाटातले चार दागिने यांसाठी. आणि मुख्य म्हणजे घर ओस पडले तर कोणी फोडील या धास्तीने.

या माणसांना हेकट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ती धास्ती अगदीच निराधार नसते. ओस पडलेल्या गल्लीत रात्री कोण फिरते याचा भरवसा कोणी दिलेला नसतो, आणि ज्याची सारी मिळकत त्या चार भिंतींत आहे तो ती वाऱ्यावर सोडून निवारा केंद्राच्या सतरंजीवर निवांत झोपेल, ही अपेक्षाच अमानुष आहे. मात्र या थांबण्याची किंमत फार मोठी असते. गुडघाभर पाण्यातून चालत बाहेर पडता येते. तेच पाणी छातीला लागल्यावर नाव लागते, आणि तेव्हा नावही पुरेशी नसते. २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटून माणसे बुडाली. ज्या गावात रस्ता होता तेथे नाव लागावी, आणि ज्या नावेत थोडे बसावेत तेथे सर्वांना एकदमच चढावे लागावे, अशी वेळ का येते याचा विचार करू लागले की उशिरा निघण्याचे कारण शोधावेच लागते.

यास्तव प्रशासनाकडे आमची पहिली मागणी अन्नाच्या पाकिटांची नाही. 'घर सोडा' असा हुकूम देताना 'तुमच्या घराची राखण आम्ही करू' हे वचनही त्याच ध्वनिक्षेपकावरून दिले जावे, आणि ते पाळले जावे. रिकाम्या वस्तीत बोटीतून पोलिसांची गस्त आणि सोबतीला त्याच गल्लीतले दोन पोहणारे तरुण, एवढी व्यवस्था अशक्य नाही. जनावरांसाठी उंचावरची जागा व वैरण आधी मुक्रर केलेली असेल, तर गोठ्यापायी अडकलेला शेतकरी एक दिवस आधी बाहेर पडेल. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ साली झाला. त्यानुसार जिल्ह्या-जिल्ह्यांत प्राधिकरणे आहेत, नियंत्रण कक्ष आहेत. त्यांच्या आराखड्यांत बोटींची आणि जॅकेटांची मोजदाद असते. मागे ठेवलेल्या घराचा विचार मात्र क्वचितच दिसतो.

सूचना वेळेवर मिळेलच असेही नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही. पुण्यातल्या पेठांपर्यंत ती वार्ता बव्हंशी तोंडोतोंडीच पोचली. पूर पाहावयास काही मंडळी नदीकाठी उभी होती. मग तीच जीव घेऊन पर्वतीच्या दिशेने धावली. साठ वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळुणात पाणी शिरले आणि लोकांना माळ्यावर, छपरावर बसून मदतीची वाट पाहावी लागली. अशा वेळी घरात बसून 'आता काय करावे' याची चर्चा करण्यास अवसर नसतो. आजीला कोण उचलणार, गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर कोण बंद करणार, विजेचे मेन स्विच कोण पाडणार आणि जायचे कोणाकडे, हे एखाद्या निवांत रविवारी ठरलेले असावे. ते वर्षातून एकदा बोलले तर अर्धा तासही लागत नाही. तथापि आमच्या घरांत लग्नाच्या आमंत्रणयादीवर चार-चार रात्री खल होतो, आणि हा विषय काढणाऱ्याला 'अभद्र बोलू नकोस' म्हणून गप्प केले जाते.

शहरातल्या सदनिकांची कथा याहून विचित्र आहे. जुन्या वाड्याला भक्कम दिंडी दरवाजा होता, आतून अडसर होता. पण त्याच वाड्याला परसदारही होते. समोरून संकट आले तर मागून निघता येई. आजच्या सदनिकेला दार एकच. त्या दाराबाहेर लोखंडी जाळीचे दुसरे दार. खिडक्यांना आणि गॅलरीला पिंजऱ्यासारख्या जाळ्या, त्यांत कुंड्या आणि अडगळ. जिन्यात सायकली व चपलांची कपाटे. गच्चीच्या दाराला सोसायटीचे कुलूप, आणि त्याची किल्ली सचिवांकडे. ते गावाला गेलेले! स्वयंपाकघरात आग लागली तर या घरातून निघायचे कोठून? अग्निशमन दलाचे जवान शिडीवरून पोचले तरी त्यांना आधी जाळी कापावी लागते, आणि धुराने माणूस गुदमरण्यास जाळी कापण्याइतका वेळ लागत नाही. जाळी नको असे आमचे म्हणणे नाही; तान्ही मुले असलेल्या घरात तिचे मोल आम्ही जाणतो. परंतु प्रत्येक घरात निदान एका जाळीला आतून उघडणारी झडप असावी आणि तिची किल्ली घरातल्या लहानथोरांना अंधारात चाचपडूनही सापडावी अशा ठरलेल्या जागी असावी. रात्री झोपताना बाहेरच्या जाळीदाराची किल्ली कोठे असते, हा प्रश्न वाचकांनी आज आपल्या घरी विचारून पाहावा. आम्ही विचारला, चार माणसांनी चार उत्तरे दिली. राज्यात अग्निप्रतिबंधाचा कायदा २००६ पासून आहे आणि त्याखाली दर सहामाहीस आगप्रतिबंधक यंत्रणेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. मात्र ज्या जिन्याने उतरायचे तो जिनाच अडलेला असेल, तर त्या कागदाने कोणाचा जीव वाचणार?

भूकंपाचा प्रश्न वेगळा, आणि येथे 'निघा' हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, हे दोन्ही धक्के पहाटेच्या अंधारात आले. निघावयास क्षणांचीही सवड नव्हती. किल्लारीच्या परिसरात जी माणसे दगावली त्यांतील बहुसंख्य चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद यांखाली गाडली गेली. उन्हाळ्यात गारवा देणारे आणि चोराला भिंत फोडू न देणारे ते भक्कम घर होते. आजही पलंगाच्या उशाशी उंच कपाट आणि डोक्यावर माळ्यात पितळी भांड्यांचे गाठोडे अशी रचना असंख्य घरांत आहे. कपाट भिंतीला पक्के ठोकावे, जड वस्तू खाली आणाव्यात. यास खर्च जवळजवळ नाही.

आता कागदांविषयी, कारण आपत्तीतून वाचलेल्या माणसाची दुसरी परवड कचेरीच्या दारात सुरू होते. घराचे खरेदीखत, बँकेचे पुस्तक, शिधापत्रिका, विम्याचा कागद, मुलांच्या गुणपत्रिका यांचा चिखल झाला की पंचनाम्यापासून प्रवेशापर्यंत सारे अडते. सातबारा आता संगणकावर मिळतो, कित्येक दाखले डिजीलॉकरमध्ये ठेवता येतात, ही चांगली सोय झाली. पण मूळ कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या उंच खणात असावेत. सोबत नेहमीची औषधे व त्यांची चिठ्ठी, चष्मा, विजेरी आणि थोडी सुटी रोकड. वीज गेली आणि मनोरे बंद पडले की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. चार जवळच्या माणसांचे क्रमांक कागदावर लिहिलेले हवेत. हल्ली सख्ख्या भावाचा क्रमांकही कोणास पाठ नसतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्यास जेमतेम ७३. दक्षिणेकडच्या कचेऱ्यांतून घरी निघालेल्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पनाच नव्हती. दूरध्वनी मुके झाले होते. घरी पोर वाट पाहते आहे या एका विचाराने माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालत राहिली. काही जण मोटारींच्या बंद काचांआड गुदमरून गेले. अनेक मुले शाळेतच रात्रभर सुरक्षित होती, पण हे आईबापांस कळावे कसे? म्हणून कुटुंबात आणखी एक करार हवा. पाणी भरले तर ज्याने त्याने आहे तेथेच थांबावे, आणि घरी न येणाऱ्यावर कोणी रागावू नये.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्याचे घर म्हणजे नाल्याकाठची पत्र्याची एक खोली आहे त्याने झडप कशाला बसवावी आणि कागद कोणत्या उंच खणात ठेवावेत? माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी, तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगरच वस्तीवर आला. तेथे बांधून ठेवलेली पिशवी घरासकट गाडली गेली असती. अशा जागी तयारी म्हणजे पुनर्वसन, आणि ते सरकारचेच काम आहे. कुटुंबाच्या जागरूकतेची स्तोत्रे गाऊन ती जबाबदारी झटकता येणार नाही, हे आम्ही स्पष्टपणे नोंदवू इच्छितो.

विम्याविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची घरविम्याची सर्वसामान्य पॉलिसी विमा कंपन्यांकडे मिळते. आग, पूर, भूकंप, दरड यांबरोबरच अशा आपत्तीमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीही तिच्यात धरलेली आहे. आपत्तीपाठोपाठ चोर येतो ही कृष्णाकाठच्या म्हातारीची भीती विमा नियामकांच्या कागदावर मान्य झाली आहे. जिल्ह्याच्या आराखड्यांत ती अद्याप उतरावयाची आहे.

तोवर वाचकांनी एक करून पाहावे. पाऊस सुरू होण्याआधी एका रात्री, जेवणे आटोपल्यावर, घरातले दिवे मालवावेत आणि सर्वांनी आजीसह, पिशवीसह, दाराला कुलूप लावून खाली अंगणात यावे. किती मिनिटे लागली ते घड्याळात पाहावे, आणि किल्ली शोधण्यात त्यांतली किती गेली तेही.